शेपटाचा संक्षिप्त इतिहास

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मी बत्तीस वर्षे पगारी वापरली. मी इतिहासाचा मास्तर. ज्याला सनावळी पाठ होत नसे, पुरंदरचा तह आणि सालबाईचा तह यांत ज्याला काडीचा फरक दिसत नसे, त्याच्याकडे बघून ही म्हण उच्चारायची आणि मग टेबलावरची छडी उचलायची, असा माझा क्रम होता. छडी म्हणजे नळी आणि समोरचा पोरगा म्हणजे शेपूट. आपण नळीच्या बाजूचे आहोत याचा मला त्या काळी फार अभिमान वाटे.

निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी एक खरेखुरे वाकडे शेपूट घरात आले, तेव्हा ध्यानात आले की ही म्हण ज्याने केली त्याने शेपूट नीट पाहिलेलेच नसावे. ते वाकडेच छान दिसते. पांढरे, झुपकेदार, पाठीवर अंबाड्यासारखे वळवून ठेवलेले. हे सरळ करण्याची इच्छा मुळात कुणाला आणि का झाली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

झाले असे, की पुण्याच्या चिरंजीवांना कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडले. कपाट-पलंग गोदामात गेले, मोटार विकली, राहता राहिला कुत्रा. नातीने डोळ्यांत पाणी आणून सांगितले, "आबा, दोनच वर्षं. तो खूप शहाणा आहे." नातवंडांच्या डोळ्यांतले पाणी हा एक असा दस्तऐवज आहे, की त्याची सत्यता कुणी तपासत नाही. एका रविवारी पाच किलोंचा तो प्राणी आणि त्याचे पंधरा किलोंचे सामान विंचूरला येऊन पोचले. सामानात गादी, स्वेटर, दोन कंगवे आणि एक रबरी कोंबडी होती. माझी नोकरी लागली तेव्हा मी या गावात एक वळकटी घेऊन आलो होतो.

कुत्र्याचे नाव मोमो. मोमो हा मोदकाचा कुठलासा ईशान्येकडचा नातेवाईक असून तो वाफवून खातात, अशी माहिती मिळाली. या नावाने पहिल्याच आठवड्यात घात केला. आमच्याकडे 'मामा' म्हणजे हिचे थोरले बंधू. ते आले होते, ओसरीवर खुर्चीत बसले होते, आणि त्यांना ऐकू जरा कमी येते. मी आतल्या खोलीतून गर्जलो, "मोमो, उतर खाली! त्या खुर्चीवर तू बसायचं नाहीस, किती वेळा सांगितलं!" बाहेर येऊन पाहतो तो मामा चपला शोधत होते. त्यांची समजूत काढायला दोन वेळचा चहा आणि एक पुरणपोळी लागली.

आम्ही सरसकट सगळे या जातीला पॉमेरियन म्हणतो. जाणकार म्हणतात की आपल्याकडचे बहुतेक पॉमेरियन हे पॉमेरियन नसून इंडियन स्पिट्झ असतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटात ज्याने क्रिकेटच्या सामन्यापासून लग्न जुळवण्यापर्यंत सगळी कामे केली, तो टफी याच जातीचा. अस्सल पॉमेरियन लहान झाला तो राणी व्हिक्टोरियाच्या हौसेने. १८८८ साली ती इटलीला गेली, तिथून एक लहानखुरा कुत्रा घेऊन आली, आणि बाईसाहेबांना लहान आवडतो म्हटल्यावर तिच्या हयातीतच सबंध जात जवळजवळ निम्म्या आकाराची झाली. साम्राज्य वाढत होते आणि कुत्रा कमी होत होता. इतिहासात असे तोल साधले जातात.

आमचे विंचूर निफाड तालुक्यात, नाशिकहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जाणाऱ्या रस्त्यावर. नावात विंचू असला तरी गाव प्रेमळ आहे. गावाचे नाव इतिहासात आहे ते सरदार विंचूरकरांमुळे. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे मूळ पुरुष. पानिपतावर १७६१ साली हजर असलेल्या आणि तिथून जिवंत परत आलेल्या सरदारांपैकी ते एक. वर्गात हा भाग शिकवताना मला नेहमी अडचण व्हायची. पहिल्या बाकावरचा एखादा आगाऊ पोरगा विचारायचा, "सर, परत आले म्हणजे पळून आले का?" गावातच वाडा, गावातच पडका तट, गावातच पोराचा बाप. मी म्हणायचो, "परत आले म्हणजे परत आले. खाली बस." पण त्या प्रश्नाकडे मला पुन्हा यावे लागणार होते, आणि तेही एका कुत्र्यामुळे.

मोमोच्या शिक्षणाला मी पहिल्याच दिवशी हात घातला. पद्धत अनुभवसिद्ध होती. छडी म्हातारपणी शोभली नसती, म्हणून वर्तमानपत्राची सुरळी केली. अग्रलेखाचे पान बाहेरच्या बाजूला ठेवले की सुरळीला वजन येते. मोमो गादीवर चढला, सुरळी. चप्पल चावली, सुरळी. मारत असे असे नाही, पण फटकन आवाज करायचा आणि एखादी बसायचीही. आमची ही म्हणाली, "अहो, ते केवढंसं आहे!" मी म्हणालो, "वेळीच वळण लावलेलं बरं." हे वाक्यही माझे पगारी.

आठव्या दिवशी फाटक उघडे राहिले आणि मोमो पसार झाला. आमचे घर गावाच्या कडेला, पलीकडे लगेच शेते. मी हाका मारमारून दमलो. अर्ध्या तासाने स्वारी आली. अंगभर कुसळे, जीभ बाहेर, शेपूट गदागदा हलतेय. इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी तोवर पाहिला नव्हता. मी फाटकात उभा होतो, हातात सुरळी. तो धावत पायाशी आला आणि मी दोन सणसणीत ठेवून दिल्या.

मी मारले ते पळून गेल्याबद्दल. त्याला समजले ते परत आल्याबद्दल.

दुसऱ्या दिवसापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. मी "मोमो, ये" म्हटले की तो यायचा, पण तीन पावलांवर थांबायचा. शेपूट खाली, कान मागे, नजर माझ्या हाताकडे. मी एक पाऊल पुढे गेलो की तो एक पाऊल मागे. मध्ये तीन पावलांची मोकळी जागा, दोन संस्थानांच्या सरहद्दीवर असावी तशी.

लसीकरणासाठी निफाडला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा मी हे गाऱ्हाणे मांडले. डॉक्टर वयाने माझ्या मुलाहून लहान, पण त्यांनी मला असे काही फैलावर घेतले की मला माझाच आवाज ऐकू येऊ लागला.

"सर, तुमच्याकडे शेतात काय आहे?"

"कांदा. बांधापलीकडे भावकीची द्राक्षबाग."

"दोन्ही याला विष आहे."

मी समजलो, डॉक्टर थट्टा करताहेत. पण नाही. कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या पोटात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. द्राक्षे आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. आता सांगा, ज्या गावात लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे, जिथे हंगामात ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर कांदा घेऊन उभे असतात, जिथे वाऱ्यावर फक्त कांद्याची टरफले उडतात, आणि उरलेल्या जागेत द्राक्षे आणि वाइन पार्क, त्या गावात मी मोमोला ठेवले होते. सबंध निफाड तालुका ज्या दोन पिकांवर जगतो त्या दोन्ही पिकांनी मरणारा प्राणी माझ्या पदरात पडला होता. मोठ्या कुत्र्याला निभावून जाईल तेवढा कांदा पाच किलोंच्या कुत्र्याला भारी पडतो, हे डॉक्टरांनी वर सांगितले.

"आणि बिबट्या?" डॉक्टर म्हणाले.

हे मात्र मला सांगायला नको होते. आमच्याकडे उसात बिबट्या असणे ही आता नवलाची बातमी राहिलेली नाही. वनखात्याचा पिंजरा या शिवारातून त्या शिवारात फिरत असतो. दिवेलागणीला अंगणातून कुत्री उचलली जातात, आणि उचलणाऱ्याला मोमोसारखा आकार म्हणजे दिवाळीच्या फराळातली करंजी.

"तेव्हा याला बाकी काही आलं नाही तरी चालेल," डॉक्टर म्हणाले. "शेकहँड नको, लोळण नको. दोन शब्द आले पाहिजेत. 'ये' आणि 'सोड'. आणि सर, तुम्ही त्याला परत आल्यावर मारलंत. म्हणजे जो शब्द त्याचा जीव वाचवणार, तोच तुम्ही नासवलात."

मग त्यांनी मोमोच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवले. या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, पट्ट्याला हिसके देत गेले तर ती दबत जाते. पट्टा गळ्याला नको, छातीला हवा. मी माझ्या आयुष्यात किती जणांचे कान पिरगाळले याचा हिशेब मनाशी करत घरी आलो.

इतिहासाच्या मास्तरला एखादी गोष्ट पटवायची असेल तर तिचा इतिहास द्यावा लागतो. तो मी शोधायला बसलो. नातीने जर्मनीहून फोनवर मदत केली.

पहिली गोष्ट अशी दिसली की कुत्रा ठोकून शिकवावा की चुचकारून, हा वाद माझ्या छडीहून फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बोलणारे शिकारी कुत्र्याला शिकवण्याला 'ब्रेकिंग' म्हणत, म्हणजे चक्क मोडणे. १८८२ साली अमेरिकेत एस. टी. हॅमंड नावाच्या गृहस्थाने पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच भांडण काढले: शिकवणे की मोडणे? त्याचे म्हणणे, कुत्र्याने बरोबर केले की त्याला मांसाचा तुकडा द्या. बस्स. आपल्याकडे हंटर कमिशन शिक्षणाचा विचार करायला बसले तेच हे वर्ष. कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी आपले निवेदन दिले. छडीचे काय करायचे हा प्रश्न मात्र आमच्याकडे पुढे आणखी सव्वाशे वर्षे पडून राहिला.

हॅमंडचे फारसे कुणी ऐकले नाही, कारण १९१० साली कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याचे पुस्तक आले. हे गृहस्थ शिस्तीचे. शाबासकी त्यांनाही मान्य होती, पण आधी काठी आणि गळ्याला हिसका. पुढे महायुद्धात कुत्र्यांच्या पलटणी तयार झाल्या त्या याच वळणाच्या, आणि सैन्यातून परतलेल्या शिक्षकांनी हेच वळण घराघरांतल्या कुत्र्यांना लावले. दारात बसून शेपूट हलवणे एवढीच ज्याच्याकडून अपेक्षा, त्याला खंदकातली शिस्त! मोस्टसाहेबांचे वाचताना मला घरच्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

तिसरी मंडळी प्रयोगशाळेतली. रशियात पावलोव्हने कुत्र्याच्या लाळेवरून सिद्धान्त काढला. थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांना खोक्यात घालून दाखवले की ज्या हालचालीने सुटका होते, खायला मिळते, ती हालचाल पक्की होत जाते. आणि हार्वर्डच्या स्किनर या प्राध्यापकाने १९५१ साली एक लेख लिहिला, की तुम्हीही घरच्या घरी कुत्र्याला शिकवू शकता. साहित्य: खाऊचे तुकडे आणि टिक्‌ असा आवाज करणारे एक खेळणे. कुत्र्याने हवे ते केले की त्याच क्षणी टिक्‌, आणि लगेच तुकडा. टिक्‌ म्हणजे 'हेच ते'. बोलायची गरज नाही, ओरडायची तर नाहीच. हे खेळणे घरोघर पोचायला मात्र आणखी काही दशके गेली. १९८४ साली कॅरेन प्रायर या बाईंचे पुस्तक आले. त्या आधी डॉल्फिन शिकवीत. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही आणि पाण्यात सुरळी मारता येत नाही, त्यामुळे मासा देणे एवढाच मार्ग उरतो. नाइलाजाने माणूस किती सज्जन होतो, याचे हे उदाहरण.

मधल्या काळात 'कुत्रा म्हणजे लांडगा, कळपात एक म्होरक्या असतो, तेव्हा तुम्ही म्होरक्या व्हा' असेही एक शास्त्र निघाले होते. हे मला फार आवडले, वर्गावर ते बेतल्यासारखे होते. पण ते पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून काढलेले निघाले. १९७० साली ज्या डेव्हिड मेक यांच्या पुस्तकाने ते गाजवले, त्यांनीच १९९९ साली लिहिले की रानातला कळप म्हणजे साधे आईबाप आणि त्यांची पिल्ले. म्हणजे म्होरक्या म्हणजे बाप. मी पुस्तक मिटले. बाप म्हणून माझा अनुभव असा, की मला कुणी विचारत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर कुत्र्याची परंपरा मोठी. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देणारा धर्मराज. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. नामदेवांच्या हातात सुरळी नव्हती, हे मी नीट लक्षात घेतले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त 'सारमेयविनोद' म्हणून कुत्र्यांसाठी वेगळा भाग आहे. पण सगळ्यांवर कडी साताऱ्याच्या शाहू महाराजांनी केली. त्यांच्या लाडक्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचवले म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे, की एकदा भर दरबारात त्या कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घातले आणि महाराजांनी स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफसाहेबाला यात वेडाची झाक दिसली. त्याने कुत्रा पाळला नसावा. संगम माहुलीला कृष्णेकाठी त्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. आमचे विठ्ठल शिवदेव त्याच शाहूकाळातले सरदार, तेव्हा मोमोला मी खंड्याच्या मांडीला मांडी लावून बसवले तर विंचूरकर म्हणून मला तेवढा अधिकार आहे. फरक इतकाच, की खंड्याने धन्याला वाघापासून वाचवले, आणि इथे धन्यावर कुत्र्याला बिबट्यापासून वाचवायची पाळी आली होती.

आपल्या काळातला दाखला झंजीरचा. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत या लॅब्रडॉरने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढले, आणि २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. असे वास काढणारे कुत्रे शिकतात ते खेळातून. वास सापडला की चेंडू मिळतो, कौतुक होते. त्याच्या लेखी तो देश वाचवत नसतो, चेंडू मिळवत असतो. मारून कुत्रा गप्प बसवता येतो, पण शोधायला लावता येत नाही.

भाषेचीही एक गंमत लक्षात आली. मराठीत कुत्र्याशी बोलायला पिढीजात शब्द तीन. खायला बोलवायचे तर 'यू यू', अंगावर घालायचे तर 'छू', हाकलायचे तर 'हाड'. 'छान केलेस' याला खास शब्द नाही. 'शाबास' आहे, तोही फारसीतून आलेला, आणि मी तो बत्तीस वर्षांत बेताने खर्च केलेला.

असो. मी कामाला लागलो. स्किनरचे खेळणे विंचूरला मिळेना. घरात मात्र माझी लाल शाईची खटक्याची पेने होती. शाई कधीच वाळली होती, पण खटका उत्तम. ज्या पेनाचा आवाज ऐकून एकेकाळी परीक्षेच्या वर्गात पोरे गोठून जात, ते पेन मी मोमोपुढे धरले. टिक्‌. हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा. टिक्‌. तुकडा. दोन दिवसांत त्याला कळले की या घरात टिक्‌ म्हणजे चांगले काहीतरी. त्या पेनाने बरोबर उत्तराला पहिल्यांदाच आवाज केला असेल.

'सोड' शिकवायची रीत तर इतकी सोपी की आपल्याला ती कशी सुचली नाही याची लाज वाटावी. मुठीत तुकडा धरून मूठ पुढे करायची. मोमो हुंगतो, चाटतो, पंजा मारतो, वकिलासारखा युक्तिवाद करतो. आपण गप्प. कंटाळून तो जरा मागे सरला रे सरला, की टिक्‌, आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. सोडले की मिळते, हे त्याला पटले पाहिजे. पंधराव्या दिवशी अंगणात पडलेल्या कांद्यापासून "सोड" म्हटल्यावर तो मागे फिरला, तेव्हा मी इतक्या मोठ्याने "शाबास!" ओरडलो की हीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला वाटले, मी तिला म्हणालो. गैरसमज मी तसाच ठेवला. तोही बराच उशिरा झाला होता.

'ये' मात्र अडले. घरात यायचा, ओसरीवर यायचा. फाटकाबाहेर लांब दोरीवर नेला की तीन पावलांवर थांबायचा. टिक्‌ नाही, तुकडा नाही, काही चालेना. एकदा नासलेला शब्द नव्याने लावणे म्हणजे विरजण बिघडलेल्या दह्याचे दूध करण्यासारखे. एका संध्याकाळी मी असाच दोरी धरून उभा होतो, तो समोर थांबलेला, नजर माझ्या हातावर. आणि मला एकदम दुसरीच नजर आठवली.

१९८६ सालची गोष्ट. आठवीचा वर्ग, पाचव्या बाकावरचा मुलगा. आठ दिवस गैरहजर. हजेरीपटावर ओळीने 'गै' लागत गेले. नवव्या दिवशी आला. दारात उभा राहून "आत येऊ का सर?" म्हणाला. चेहरा हसरा होता. हे मला तेव्हा खटकले होते, आठ दिवस दांडी मारून पोरगा हसतो म्हणजे काय! मी कुठे होतास हे विचारले नाही. म्हण म्हटली, वर्ग हसला. उजव्या हातावर चार छड्या दिल्या. दहाव्या दिवशी तो आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. महिनाभराने त्याचे नाव पटावरून कमी केले. ते मीच केले, याच लाल शाईने. शाळेत तेव्हा यात कुणाला काही वाटायचे नाही, मलाही वाटले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी केली, तोवर मी निवृत्त होऊन सुपारी कातरत बसलो होतो.

तो मुलगा गावातच आहे. पन्नाशीचा झाला, शेती करतो, ट्रॅक्टर आहे. रस्त्यात दिसला की "नमस्कार सर" म्हणतो. पण रस्त्याच्या पलीकडून. मी समजत असे की आदर आहे.

पानिपताचे मी त्या रात्री पुन्हा एकदा वाचायला घेतले. विठ्ठल शिवदेव परत आले, आणि पुढेही सरदारच राहिले. विंचूर त्यांच्या घराण्याकडे पुढच्या पिढ्यांतही राहिले. पुण्याच्या वेशीवर कुणी सुरळी घेऊन उभे राहिले नाही. पहिल्या बाकावरच्या त्या आगाऊ पोराला मी हे सांगू शकलो असतो.

गेल्या हंगामातली गोष्ट. सकाळी मोमोला घेऊन तीनपाटीकडे निघालो होतो. लिलावाचा दिवस, ट्रॅक्टरची रांग लागलेली. एकाने भोंगा वाजवला, मोमो दचकला, आणि छातीच्या पट्ट्याचे बकल, जे मी नीट लावले नव्हते, ते सुटले. पांढरा गोळा ट्रॉल्यांखालून दिसेनासा झाला. पुढची पाच मिनिटे मी सत्तरी उलटल्याचे विसरून प्रत्येक ट्रॉलीखाली वाकत होतो. शेवटी दिसला: एका ट्रॉलीच्या चाकाआड, पुढ्यात सांडलेला कांदा, तोंड कांद्याशी.

"सोड!" मी ओरडलो. त्याने सोडला. विश्वास बसणार नाही, पण सोडला. मग मी म्हणालो, "मोमो, ये." तो चाकाआडून बाहेर आला, चार पावले चालला, आणि तीन पावलांवर थांबला. पलीकडे डांबरी रस्ता, त्यावर मालमोटारी. मी पुढे झालो तर तो मागे सरणार.

"सर, खाली बसा तुम्ही." वर ट्रॉलीवरून आवाज आला. "उभ्यानं हाक मारली का बिचकतं ते."

मी वर पाहिले. तोच होता. मी गुडघ्यांची क्षमा मागून भर बाजारात, कांद्याच्या टरफलांत फतकल मारून बसलो.

"आता त्याच्याकडं बघू नका. हात उघडा ठेवा, उताणा."

मी हात उताणा ठेवला आणि भलतीकडे पाहत राहिलो. माझ्या बत्तीस वर्षांचे निम्मे विद्यार्थी तिथे रांगेत उभे होते. थोड्या वेळाने तळव्याला ओले नाक लागले. खिशातले पेन काढायचे राहूनच गेले, तुकडाही. मी नुसते "शाबास, शाबास" करत बसलो.

तो खाली उतरला. मोमोचा पट्टा त्याने लावून दिला, बकल दोनदा ओढून पाहिले. मी अजून खालीच होतो, उठायला मला कुणीतरी लागते. त्याने हात दिला. उजवा.

"तू तेव्हा आठ दिवस कुठं होतास रे?" मी विचारले. कुठले आठ दिवस, हे त्याने विचारले नाही.

"कांद्याच्या लागणीला. आई आजारी व्हती, सर. बाप एकटा." तो हसला. "रोपं वाळून गेली असती."

"मग त्या दिवशी हसत होतास तो?"

"लागण उरकली व्हती ना. शाळंत यायला भेटलं म्हून."

पुढचा ट्रॅक्टर सरकला, मागचा भोंगा वाजवू लागला. लिलाव त्याच्या ट्रॉलीपाशी येत होता. मी म्हणालो, "घरी ये एकदा. चहाला." तो ट्रॅक्टरवर चढत म्हणाला, "येतो, सर."

आता आपल्या भाषेत जाणारा माणूसही 'येतो'च म्हणतो. त्यामुळे तो येणार आहे की तो नुसता गेला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. संध्याकाळी तो शेतातून आमच्याच रस्त्याने परततो, म्हणून त्या वेळेला मी फाटकाची कडी काढून ठेवतो. ही ओरडते, बिबट्या आत येईल म्हणून. बिबट्या अजून आलेला नाही. मोमो मात्र रोज निसटतो, बांधापर्यंत जातो, मी खाली बसून हाक मारतो आणि तो येतो. हल्ली पायाशी येतो. फक्त नंतर मला उठवायला हिला यावे लागते, आणि ती येताना काय काय बोलते ते इथे देत नाही.